कोर्टाचा निकाल येण्याआधीच बंदुकीचं लायसन्स जाऊ शकतं का?

जुलै 2024. एक जुना व्हिडिओ राज्यभर मोबाईलवर फिरायला लागला. मुळशी तालुक्यातलं धडवली गाव, जमिनीवरून बाचाबाची आणि मनोरमा खेडकर यांच्या हातात पिस्तूल. तेव्हा गाजत असलेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या त्या आई. घटना जून 2023 ची, गुन्हा मात्र व्हिडिओ व्हायरल झाल्यावर पौड पोलिसांत नोंदला गेला. 18 जुलैला महाडजवळून अटक झाली, पुढे जामीनही मिळाला.

त्याच दिवसांत पुणे शहर पोलिसांनी त्यांना वेगळीच नोटीस काढली. तुमचा शस्त्र परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करा.

आता गुन्हा ग्रामीण पोलिसांकडे, मग नोटीस शहराची कशी? कारण परवाना जिथून मिळतो, साधारणपणे तिथूनच तो रद्द होतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार आयुक्तांचा, इतर ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचा. भाटघर धरणाजवळ राहणाऱ्याची फाईल पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात असते. स्थानिक पोलीस अहवाल देतात, सही त्यांची नसते.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अजून काही सिद्धच झालं नसेल, तर परवाना कसा काढून घेणार?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 17 मध्ये याचं उत्तर आहे. खोटी माहिती देऊन परवाना घेतला किंवा अटी मोडल्या, तर तो निलंबित किंवा रद्द करता येतो. ही कारणं कागदावर तपासता येतात. खरी ताकद आहे ती दोन मोघम वाटणाऱ्या वाक्यांत. एक, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर. आणि दोन, ती व्यक्ती ‘कोणत्याही कारणाने’ परवान्यासाठी अपात्र वाटली तर. माणसाचं वागणं, त्याची संगत, दारू पिऊन धमक्या देण्याची सवय हे सगळं या दुसऱ्या वाक्यात येऊ शकतं. फौजदारी खटला झालेल्या गोष्टीची शिक्षा देतो. इथे प्रश्न पुढचा असतो, या माणसाच्या हातात शस्त्र ठेवणं धोक्याचं आहे का? म्हणून शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही.

पण म्हणून साहेबांच्या मनात आलं आणि परवाना गेला, असंही नाही. कारणं लेखी नोंदवावी लागतात. आधी कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणं ऐकलं जाणं अपेक्षित असतं. नुसता गुन्हा दाखल आहे, एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय. त्या वागण्याने शांततेला धोका कसा, हे दाखवावं लागतं. भावकीच्या भांडणात खोट्या तक्रारी होतात हे गावाकडे कुणाला सांगायला नको, त्यामुळे ही अट योग्यच आहे.

बीडमध्ये हाच प्रश्न जिल्हाभर उभा राहिला. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. गुन्हे नावावर असलेल्यांकडेही परवाने होते. मग छाननी झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. हीच छाननी नूतनीकरणाच्या वेळी का झाली नाही, हा प्रश्न उरतोच.

परवाना रद्द झाला की तो लगेच परत करायचा आणि शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. घरात ठेवलं तर ते बेकायदा शस्त्र. (निवडणुकीत शस्त्रं जमा करून घेतात ते वेगळं, ती नंतर परत मिळतात.)

निर्णय मान्य नसेल तर अपील आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे. 2025 मध्ये गुंड नीलेश घायवळच्या भावाला पुणे पोलिसांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अशाच अपिलात मंजूर केला आणि त्यावरून राजकारण तापलं.

आणि शेजारचा परवानाधारक धमकावत असेल तर? व्हिडिओ ग्रुपवर टाकून थांबू नका. तारीख, जागा आणि साक्षीदार लिहून पोलीस ठाण्यात तक्रार द्या, एक प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.