जीर्णोद्धार आणि जांभा दगड

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या फार परिचयाचा आहे. गावच्या देवळाला नवा रंग लागला, जमिनीवर गुळगुळीत फरशी आली, की जीर्णोद्धार झाला असे आपण मानतो. परंतु जुनी वास्तू राखणे म्हणजे तिला नवी करणे नव्हे, आणि ती अधिक जुनी दिसावी म्हणून खटपट करणे हेही नव्हे. या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण जुन्या गोव्यात आहे. ते म्हणजे बॉम जीझसचे चर्च.

या चर्चचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली ते उपासनेसाठी खुले झाले. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. ‘गोंयचो सायब’ म्हणून ज्यांना सारा गोवा ओळखतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथे आहे. त्याच्या दर्शनाला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही येतात. १९८६ साली गोव्यातील चर्च व मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांत हेही होते.

आज हे चर्च तांबूस, खडबडीत दगडाचे दिसते. छायाचित्रांतून आपण ते तसेच पाहत आलो आहोत. परंतु ते बांधणाऱ्यांनी या भिंती उघड्या ठेवल्या नव्हत्या. त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीत, बाल्ताझार काश्त्रू या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. उघड्या दगडामुळे वास्तू अधिक प्राचीन दिसते, अशी त्या काळची समजूत होती. त्या समजुतीची किंमत भिंती आजतागायत देत आहेत.

याचे कारण दगडाच्या स्वभावात आहे. भिंती जांभ्याच्या आहेत. दर्शनी बाजूच्या नक्षीसाठी मात्र वसईहून काळा दगड आणलेला आहे. कोकणातल्या माणसाला जांभा काय ते सांगायला नको. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, सहज तासता येतो. वाऱ्याउन्हात तो कठीण होतो. पण त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात. पाणी त्यांत शिरते, आतली माती धुऊन नेते, मागे पोकळी राहते. त्या पोकळीत शेवाळ धरते आणि रोपटी मुळे रोवतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणूनच रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांचे छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेले असते आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना झावळ्यांची झापे बांधण्याची रीत होती. साठ फुटी भिंतीला वळचण पुरत नाही. तेथे गिलावा हीच छत्री.

चुन्याच्या गिलाव्याचा आणखी एक गुण असा, की तो पाऊस अंगावर घेतो, पण भिंतीतली ओल कोंडून ठेवत नाही. तो झिजतो, आणि काही वर्षांनी नव्याने करता येतो. दगड मात्र शाबूत राहतो. सिमेंटचे तसे नाही. ते ओल आत अडकवते आणि जांभा आतून कुजत जातो. समोरचे से कॅथेड्रल पाहावे. त्याच्या भिंती आजही गिलाव्याने आणि चुन्याच्या सफेदीने झाकलेल्या आहेत.

या चर्चच्या जतनाची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. भिंतींवर पुन्हा गिलावा चढवावा, अशी मागणी अलीकडच्या वर्षांत जाहीरपणे झाली आहे. तिला आक्षेपही आहेत. दोन-तीन पिढ्यांनी जे तांबडे रूप मनात जपले, ते बदलावे का, हा एक प्रश्न. झिजलेल्या दगडावर नवा चुना नीट धरेल का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण रूपाची सवय नव्याने लागू शकते. धुऊन गेलेला दगड परत येत नाही. दुसऱ्या शंकेचे उत्तर वादाने मिळणार नाही. मागच्या बाजूच्या भिंतीचा लहानसा भाग चुन्याने लिंपावा आणि काही पावसाळे त्याचे निरीक्षण करावे, हा मार्ग मला उचित वाटतो.

सरकारी कामात प्रगती मोजण्याची आमची एक ठराविक रीत आहे: मंजूर रक्कम किती, खर्च किती, काम किती टक्के पूर्ण. जुन्या वास्तूला हे माप पुरे पडत नाही. तेथे विचारायचे ते असे: छपरातून पाणी येते का, पन्हळी वाहत्या आहेत का, भिंत मागच्या वर्षीपेक्षा कोरडी आहे का? जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष आहेत. १८३५ साली ते ओस पडले, १८४२ साली त्याची कमान कोसळली, आणि १९३१ साली मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. पाण्याला वाट मिळाली की शतकांचे काम थोड्या वर्षांत कसे नाहीसे होते, हे जुन्या गोव्यात जाणाऱ्याने तेथे अवश्य पाहावे.