खुराड्यातील रात्रीचे चोर

परसातील खुराडे पुष्कळ कुटुंबांच्या घरखर्चाला हातभार लावते. म्हणूनच कोंबड्या निस्तेज दिसू लागल्या, अंडी कमी झाली, की गृहिणीला घोर लागतो. अशा वेळी रात्री दिवा घेऊन खुराडे पाहावे, अशी आमची सूचना आहे. दिवसा लाकडाच्या फटींत दडणारे तांबडे सूक्ष्म किडे रात्री कोंबड्यांचे रक्त शोषतात. रक्ताविना ते कित्येक महिने जगतात. त्यामुळे रिकामे खुराडेही निर्धोक नसते.

लवंग, दालचिनी, ओवा यांच्या तेलांतील द्रव्ये या किड्यांना मारक ठरतात, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. परंतु ही तेले लवकर उडून जातात, आणि उबदार हवेत किड्यांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. म्हणून आधी फटी खरवडून कढत पाण्याने धुवाव्यात. तेलाचा उपयोग त्यानंतरचा, व तोही पुनःपुन्हा करावा लागतो. निव्वळ तेल कोंबडीच्या अंगास मात्र लावू नये. ते कातडीस झोंबते.

आणखी एक धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हॉलंडमध्ये निलगिरी व मेन्थॉल यांचे म्हणून खुराड्यांत फवारलेल्या औषधात फिप्रोनिल हे निषिद्ध कीटकनाशक मिसळलेले असल्याचे 2017 साली उघडकीस आले, आणि लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. सुगंध ही शुद्धतेची हमी नव्हे. अनोळखी मिश्रण आणण्यापूर्वी पशुवैद्यास विचारावे. आपल्या घरची अंडी शेजाऱ्यांची लेकरेही खातात, याचे भान प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने राखावे.