बांधलेला वेग, मोजलेले मैल

अमेरिकेतल्या मोठ्या मालवाहतूक कंपन्यांचे ट्रक महामार्गावर ओळखणे फारसे अवघड नसते. टेक्सासमध्ये ताशी ७५ मैलांची मुभा असलेल्या रस्त्यावरही ते ६२ किंवा ६५ मैलांच्या पुढे जात नाहीत. चालकाने पाय कितीही दाबला तरी इंजिनाचा संगणक जादा इंधन सोडत नाही. जेम्स वॉटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचाच हा आजचा अवतार. फरक इतकाच, की आज हा आकडा कंपनीच्या कार्यालयात ठरतो.

मध्यपश्चिम अमेरिकेतल्या एका मालवाहतूक कंपनीच्या पगार विभागात मी काही वर्षे हिशेब पाहिले. चालकांची सर्वांत जुनी तक्रार याच आकड्याबद्दल असे: ‘तुम्ही ट्रक बांधलात, म्हणजे माझा पगारच बांधलात.’ व्यवस्थापनाचे उत्तरही ठरलेले: ‘पगार वेगावर नसतो, मैलांवर असतो.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मैलावरचा पगार

लांब पल्ल्याच्या पगारी चालकाला तिथे बहुधा तासावर नव्हे, मैलावर पैसे मिळतात. ओव्हरटाइमची सक्ती करणाऱ्या १९३८च्या श्रमकायद्यातून आंतरराज्य ट्रकचालक वगळलेले आहेत. म्हणून माल चढवताना, गोदामाच्या फाटकावर किंवा वाहतूक कोंडीत गेलेल्या वेळेची किंमत मैलाच्या दरातच धरलेली असते, किंवा धरलेलीच नसते.

दुसरीकडे कायदा तास मोजतो. सलग १० तास विश्रांतीनंतर चालकाला १४ तासांची खिडकी मिळते आणि तीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ८ दिवसांत एकूण कामाची मर्यादा ७० तासांची. डिसेंबर २०१७पासून ही नोंद इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते, त्यामुळे वहीत थोडे इकडचे तिकडे करण्याची जुनी सोय संपली. म्हणजे पगार मैलांचा आणि टंचाई तासांची. एका तासात किती मैल बसतात, हे ठरवणारी गोष्ट वेग.

हिशेब मांडून पाहू

समजा दर मैलाला ६० सेंट आहे. ११ तासांपैकी ७ तास ट्रक मोकळ्या महामार्गावर कमाल वेगाने धावतो आणि ४ तास घाट, गाव, गर्दी यांत सरासरी ४५ने. कमाल वेग ६८ असेल तर दिवसाची सरासरी सुमारे ६० पडते. तो ६२ केला तर सुमारे ५६. सहा मैल कापले, पण सरासरी चारानेच उतरली.

आता ५०० मैलांची एक खेप घ्या. दोन्ही ट्रकांना ती एका दिवसात जमते आणि दोन्ही चालकांना ३०० डॉलरच मिळतात. हळू ट्रकवाल्याचा अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ जातो, एवढेच. कंपनीकडे माल कमी असलेल्या आठवड्यात चित्र हेच राहते, आणि व्यवस्थापनाचे वाक्य खरे ठरते.

पण ६४० मैलांची खेप घेतली की हिशेब उलटतो. ६०च्या सरासरीने ती १० तास ४० मिनिटांत संपते. ५६च्या सरासरीने ११ तास २५ मिनिटे लागतात. म्हणजे ११ तास भरतात तेव्हा गोदाम २४ मैल दूर असते. तिथेच थांबून १० तास विश्रांती घेणे भाग. माल उतरवण्याची ठरलेली वेळ हुकते आणि पुढची खेप दुसऱ्याला जाते. वेगाचा तोटा दर मैलाला थोडाथोडा झिरपत येत नाही. एखादी पायरी चुकावी तसा तो एकदम बसतो. म्हणूनच काही चालकांना तो जाणवतही नाही आणि काहींचा आठवडा बुडतो.

भरपूर माल असेल, तर ७० तासांची मर्यादा आडवी येते. त्यातले ६० तास प्रत्यक्ष चालवण्याचे धरले, तर ३,६०० ऐवजी ३,३६० मैल होतात. २४० मैल, म्हणजे १४४ डॉलर कमी.

मात्र सगळा दोष वेगाच्या माथी मारता येत नाही. ६२ऐवजी ६८ने गेल्यास १०० मैलांमागे साडेआठ मिनिटे वाचतात. गोदामात दोन तास फुकट गेले, तर ते भरून काढायला जादा वेगाने सुमारे १,४०० मैल पळावे लागेल. जवळजवळ तीन दिवसांची ही धाव. चालक वेगाबद्दल बोलतात, कारण तो पायाखाली जाणवतो. पण फाटकावरचा खोळंबा खिशाला अधिक महाग पडतो.

वाचलेले डिझेल कोणाचे?

कंपनीचे गणितही खोटे नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. व्यवसायातला ढोबळ नियम असा, की ५५च्या पुढे दर मैल वेगामागे गॅलनला ०.१ मैल अॅव्हरेज घटते. वर्षाला १ लाख मैलांपैकी ७० हजार कमाल वेगाचे धरले आणि अॅव्हरेज ६.५वरून ७.१ झाले, तर ९०० गॅलनहून अधिक डिझेल वाचते. गॅलनला ४ डॉलर धरले तर सुमारे ३,६०० डॉलर. शिवाय ६८ने धावणाऱ्या ट्रकची गतिज ऊर्जा ६२च्या ट्रकपेक्षा २० टक्क्यांनी जास्त असते. ३६ टनांचे धूड थांबवताना हा आकडा कागदावरचा राहत नाही.

चालकाचे नुकसान, वर्षभर तासांची टंचाई राहिली तर, सुमारे ४,००० डॉलर. वर्षातले निम्मे आठवडेच तसे गेले तर २,०००. म्हणजे मैलाला दोन-सव्वादोन सेंट वाढवले की चालकाची भरपाई होते आणि कंपनीच्या हाती इंधनाची काही बचत उरते. खेपा कमी झाल्याचा तोटा कंपनीलाही असतो, म्हणून अनेक जण ६५वर तडजोड करतात. मी पाहिलेल्या हिशेबांत मात्र वेग उतरवण्याचा आदेश यायचा, दर वाढवण्याचा नाही.

वेग बांधणे ही काही अमेरिकेचीच गोष्ट नाही. युरोपात १९९२च्या निर्देशापासून जड ट्रक ताशी ९० किलोमीटरवर बांधले गेले. पण तिथल्या कायद्यात एक जोडही आहे: रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा पोहोचण्याच्या वेगावर मोबदला देण्यास मनाई आहे. अमेरिकेत देशभर वेगनियंत्रक सक्तीचा करण्याचा २०१६चा प्रस्ताव २०२५मध्ये मागे घेतला गेला. बंधन कंपनीच्या मर्जीवर राहिले आणि पगाराचे माप तेच.

आपल्याकडे २०१५च्या अधिसूचनेने नव्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घातली. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. एकदाही न थांबता ८०ने गेले तरी पावणेनऊ तास लागतात. आणि २०२५पर्यंत लागू असलेला १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तास काम सांगत असे. इथे अनेक मालक खेपेमागे डिझेल ठरवून देतात आणि वाचेल ते चालकाचे. या रीतीत इतर खोटी असतील, पण एक न्याय आहे: हळू चालवण्याचा फायदा हळू चालवणाऱ्याला मिळतो.

वेग बांधायला माझी हरकत नाही. पण ज्या दिवशी गव्हर्नरचा आकडा खाली येतो, त्याच दिवशी मैलाचा दर वर यावा आणि फाटकावरच्या तासालाही किंमत असावी. नाहीतर सुरक्षिततेचा खर्च ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे, त्याच्याच पाकिटातून वसूल होत राहील.