हत्ती डुलतो तेव्हा

देवळाबाहेर हत्ती उभा आहे. मागचा पाय साखळदंडात, कपाळावर रंगीत नक्षी. तो डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, डोकं वरखाली करतो, सोंड त्याच लयीत हलत राहते. खांद्यावरच्या पोराला बाप सांगतो, "बघ, हत्ती कसा नाचतोय!" पोर टाळ्या पिटतं. दहाची नोट सोंडेत जाते, सोंडेतून माहुताच्या हातात.

हे नाचणं नसतं. प्राणिशास्त्रात त्याला 'स्टिरिओटिपी' म्हणतात. काही हेतू नसलेली तीच ती हालचाल, तासन्‌तास. पिंजऱ्यातला वाघ गजांच्या कडेने एकाच वाटेवर येरझाऱ्या घालतो, एकटा ठेवलेला पोपट स्वतःचीच पिसं उपटतो, तशातलाच हा प्रकार. रानातला हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यात आणि चरण्यात घालवतो. दीडेकशे किलो चारा त्याला रोज लागतो आणि तो शोधावा लागतो. हत्तीण तर आई, बहिणी, मावश्यांच्या कळपात जन्म काढते. हे सगळं काढून घेतलं आणि चारा पुढ्यात आणून टाकला, की पोट भरतं, पण दिवस रिकामा राहतो.

बंदिवासाची दुसरी खूण पायात दिसते. एवढा अवाढव्य प्राणी चालतो मात्र चवड्यांवर. टाचेखाली चरबीची जाड गादी असते. मातीत हिंडताना नखं आणि तळवे आपोआप झिजतात. सिमेंटवर, स्वतःच्या शेणामुतात उभं राहिलं की तळव्यांना भेगा पडतात, नखं वाढतात, पू होतो, पुढे सांधे धरतात. मुंबईत लग्नाच्या वरातींत आणि भीक मागण्यासाठी डांबरावरून फिरवलेली बिजली ही हत्तीण २०१३ च्या जूनमध्ये मुलुंडला कोसळली. तिला उभं करायची बरीच खटपट झाली, पण त्याच महिन्यात ती गेली.

कोल्हापूर जिल्ह्याला हा विषय दोनदा भिडला. जोतिबाला २००७ मध्ये अर्पण केलेल्या सुंदर या तरुण हत्तीला मारहाण होत असल्याचं चित्रीकरण २०१३ च्या अखेरीस बाहेर आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जून २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला हलवलं. तिथे जंगलवजा आवार होतं आणि इतर हत्तींची सोबत होती.

दुसरं प्रकरण इतकं सरळ नव्हतं. नांदणीच्या जैन मठातली माधुरी ही हत्तीण गावाची लेक होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या 'वनतारा' या प्राणी-केंद्रात नेलं, तेव्हा माणसं ढसाढसा रडली, हजारोंचा मोर्चा नांदणीहून कोल्हापूरला चालत गेला. ते रडणं खोटं नव्हतं. न्यायालयापुढच्या अहवालांत तिच्या पायांची दुखणी होती, जखमा होत्या, सतत डोकं हलवणं होतं. तेही खोटं नव्हतं. पुढे नांदणीजवळच तिच्यासाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला. बंदिवासातल्या प्राण्याचे हाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक येतो. पण हाल बरेचदा मायेच्या माणसांकडूनच होतात. ती नारळ-गूळ भरवतात, न्हाऊ घालतात, कळप मात्र त्यांना देता येत नाही.

कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. मात्र त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता दहा ते पन्नास रुपये, आणि आकडा पुढची कित्येक दशकं तोच राहिला. सर्कशीतले वाघ, सिंह, अस्वलं, माकडं सरकारी अधिसूचनेने बाहेर काढली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती अधिसूचना उचलून धरली. हत्ती मात्र त्या यादीत नव्हता. देशात आजही अडीच हजारांच्या आसपास हत्ती बंदिवासात आहेत. त्यांतल्या बहुतेकांना रानात परत सोडता येणार नाही, म्हणून आहे तिथेच त्यांचं जगणं सुधारणं भाग आहे.

त्याचे उपाय साधे आहेत. सिमेंटऐवजी माती, डुंबायला पाणी, सोबतीला दुसरा हत्ती, दिवसाचा बराच वेळ साखळीविना. चारा एका ढिगात न टाकता झाडावर टांगायचा, ओंडक्यांत दडवायचा, म्हणजे शोधण्यात वेळ जातो. अंकुशाऐवजी मजबूत कठड्याआडून, खाऊचं बक्षीस देत उपचार करता येतात. पाय पुढे करायला हत्ती लवकर शिकतो. माहुताला नियमित पगार आणि प्रशिक्षण हवं. त्याची चूल नोटांवर पेटत असेल, तर तो हत्तीला रस्त्यावर आणणारच. असा हत्ती दिसला, तर महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने २०२३ मध्ये वेगळीच वाट धरली. तिथे उत्सवाला यांत्रिक हत्ती उभा राहतो. तो कान हलवतो, शेपूट हलवतो, सोंडेतून पाणी उडवतो. पाठीवर माणसं बसतात, भोवती वाद्यं वाजतात. मिरवणूक संपली की त्याची वीज बंद करतात.