ओल, घरातील

घराच्या भिंती, जमीन व छत यांत मुरून राहिलेले पाणी. ओल मुख्यतः तीन मार्गांनी येते : जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढून, पावसाचे वा नळाचे पाणी झिरपून आणि घरातील बाष्पाचे थंड पृष्ठभागावर संद्रवण होऊन.

जालना जिल्ह्यातील काळी मृदा पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलून भिंतींना भेगा पडतात व त्यांतून पाणी शिरते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात घर थंड राहते. परंतु पावसाळ्यापूर्वी डागडुजी न केल्यास भिंतीत रुतलेली तुळयांची टोके नकळत कुजतात आणि झडीच्या पावसात जड झालेले छत कोसळण्याचा धोका असतो.

लोणा, गिलाव्याचे पोपडे, कुबट वास व कपाटामागील काळे डाग या छुप्या ओलीच्या खुणा होत. हे डाग बहुधा ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम इ. बुरशींचे असतात. त्यांची बीजुके हवेत सर्वत्र असून ओलावा मिळताच रुजतात. त्यांमुळे दमा बळावू शकतो.

बुरशी पुसणे वा तीवर रंग देणे पुरेसे नसते. पाण्याचा उगम प्रथम बंद करावा लागतो. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडते. चुन्याच्या वा मातीच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते. नव्या बांधकामात जोत्यावर ओलरोधक थर देतात.