संत्र्याला ताण द्या, पण फ्लायट्रॅपला नको!

पांढुर्णा-सौंसरच्या झाडवेड्या मित्रांनो, आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात पाणी बंद करून संत्र्याला ताण देतो आणि जानेवारीत तो तोडतो. कीटक खाणारा व्हीनस फ्लायट्रॅपही थंडीत झोपतो, पण तहानेने नव्हे. दिवस लहान झाले, गारवा आला की तो विसावतो. पाने काळी पडतात, मातीलगत पांढरा कंद उरतो. झाड मेलं समजून फेकू नका! कंद दाबून पाहा; टणक असेल तर तो जिवंत आहे.

फेब्रुवारीत ऊन वाढू लागलं की:

👉 काळी पाने कात्रीने काढा.
👉 कुंडी बदलायची तर नवी पालवी फुटण्याआधी. पीट आणि परलाइट वापरा. काळी माती, शेणखत अजिबात नको.
👉 पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांना मारतात.
👉 ऊन हळूहळू वाढवा. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हिरव्या जाळीखाली ठेवा.
👉 रोप अशक्त असेल तर फुलाचा दांडा लगेच खुडा.

हे झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या ओल्या, निकस जमिनीतलं. म्हणून कीटक खाऊन ते पोषण मिळवतं. त्याला खत नको, ओलावा हवा. यंदाच्या पावसाळ्यात त्याच्यासाठी छतावरचं पाणी नक्की साठवा.