मार्गनिर्धारण, द्विजालकी सर्व्हरचे
दोन संगणक-जालकांना एकाच वेळी जोडलेल्या सर्व्हरमधून बाहेर पडणारे प्रत्येक पॅकेट कोणत्या जोडणीने धाडावयाचे, हे ठरविण्याची व्यवस्था. अशा सर्व्हरला बहुधा दोन जालक-कार्डे असून प्रत्येकास आपापल्या जालकातील स्वतंत्र आयपी पत्ता असतो. एका सेवापुरवठादाराची जोडणी तुटली, तरी दुसरीवरून सेवा चालू राहावी, हा त्यामागील नेहमीचा हेतू होय.

मार्गसारणीत सामान्यतः पॅकेटाचा गंतव्य पत्ताच पाहिला जातो; मूळ विनंती कोणत्या कार्डावरून आली, याची दखल घेतली जात नाही. सारणीत न सापडणाऱ्या पत्त्यांची पॅकेटे पूर्वनिर्धारित मार्गाने, म्हणजे नेमून दिलेल्या गेटवेकडे, जातात. असे दोन मार्ग नोंदविल्यास भार दोहोंत वाटला जातो, ही समजूत चुकीची आहे. सामान्यतः कमी मेट्रिकचा मार्गच वापरला जातो.

पहिल्या कार्डाचा पत्ता १९२.०.२.१०, दुसऱ्याचा १९८.५१.१००.१० व पूर्वनिर्धारित मार्ग पहिल्यावरून आहे, असे समजू. दूरच्या ग्राहकाची विनंती दुसऱ्या पत्त्यावर आली, तर तिचे उत्तर दुसऱ्या पत्त्याच्या नावाने पण पहिल्या कार्डावरून निघते. परका उगम-पत्ता असलेली पॅकेटे पुरवठादाराने अडवावीत, अशी शिफारस आरएफसी २८२७ (२०००) मध्ये आहे. त्यामुळे उत्तर वाटेतच नष्ट होऊ शकते. लिनक्समध्ये परतमार्गाची कडक तपासणी चालू असल्यास विनंतीच टाकून दिली जाते. दुसऱ्या जालकातील शेजारी संगणकांना उत्तर मिळते, बाहेरच्यांना मात्र नाही, ही या दोषाची खूण होय. अशा वेळी तारा व कार्डे बदलत बसणे व्यर्थ ठरते.

यावर उगम-पत्त्यानुसार मार्गनिर्धारण हा उपाय आहे. लिनक्सच्या २.२ आवृत्तीपासून (१९९९) अनेक मार्गसारण्या ठेवता येतात. दुसऱ्या गेटवेचा पूर्वनिर्धारित मार्ग वेगळ्या सारणीत नोंदवून, ‘उगम १९८.५१.१००.१० असल्यास ही सारणी पाहावी’ असा नियम करतात. परतमार्गाच्या तपासणीतही हाच नियम पाहिला जात असल्याने ती बंद करण्याची गरज उरत नाही. सर्व्हरने स्वतः सुरू केलेल्या संपर्कात मात्र उगम-पत्ता बहुधा मार्ग ठरल्यावरच निवडला जातो. म्हणून मुख्य सारणीतील पूर्वनिर्धारित मार्ग काढून टाकू नये. आज्ञेने केलेले हे बदल संगणक पुन्हा सुरू होताच पुसले जातात. ते जालक-मांडणीच्या फाइलीत लिहावे लागतात.